शिक्षक, शिवार आणि पाण्याचे हजेरीपत्रक

आपल्या देशात एखाद्या प्रश्नावर ठोस काही सुचेनासे झाले की दोन उपाय हमखास पुढे येतात. पहिला, त्यासाठी कायदा करा. दुसरा, तो विषय शालेय अभ्यासक्रमात घाला. पाण्याच्या बाबतीत आपले हे दोन्ही उपाय करून झाले आहेत. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा असा आदेश दिला. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून १८ डिसेंबर २००३ रोजी त्याच न्यायालयाला राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेस नमुना अभ्यासक्रम तयार करण्यास सांगावे लागले. शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडणे हे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचे पहिले तत्त्व होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची संधी मिळावी असे म्हटले आहे. कागदावर कशाचीच उणीव नाही.

तरीही देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील शाळेत जाऊन सातवीच्या मुलाला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. जलचक्राची आकृती तो न चुकता काढतो. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य हे शब्द बाणांसहित लिहितो. मग त्याला विचारावे, ‘तुमच्या शाळेच्या छपरावर पडलेला पाऊस कोणत्या ओढ्याला जाऊन मिळतो?’ बहुतेक वेळा मूल शिक्षकाकडे पाहते आणि शिक्षक खिडकीबाहेर पाहतात. यात मुलाचा दोष नाही आणि शिक्षकाचाही नाही. त्या ओढ्याच्या उगमापर्यंत शिक्षकाला आजवर कोणी नेलेलेच नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. पाणलोट हा विषय शिक्षकाला वर्गात बसवून शिकवता येत नाही. त्याला त्याच्या स्वतःच्या शाळेच्या पाणलोटात माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालवावे लागते, त्याच्या हातून मोजमाप करून घ्यावे लागते. यासाठी नवी योजना नको, नवी संस्था नको. शिक्षण खाते आणि पाणलोट विकास यंत्रणा या दोघांकडे आज असलेला पैसा आणि मनुष्यबळ एका ठिकाणी आणले तरी पुरे.

योजना संपते, शाळा उरते

पाणलोट विकासावर आपण किती खर्च करतो ते आधी पाहू. हनुमंत राव समितीच्या अहवालानंतर १९९५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी साधारण ५०० हेक्टरांचा लहान पाणलोट हा कामाचा घटक ठरवला. २००३ मध्ये ‘हरियाली’ आली. २००८ च्या समान मार्गदर्शक तत्त्वांनी हेक्टरी खर्चाची मर्यादा १२,००० रुपये, आणि डोंगराळ व अवघड भागात १५,००० रुपये केली. २०२१ मध्ये ती अनुक्रमे २२,००० आणि २८,००० रुपये झाली. म्हणजे सपाटीवरच्या ५०० हेक्टरांच्या एका पाणलोटावर १ कोटी १० लाख रुपयांपर्यंत खर्च होऊ शकतो. त्यातून समतल चर खणले जातात, दगडी बांध व माती नाला बांध घातले जातात, शेततळी होतात. चार-पाच वर्षांत प्रकल्प पूर्ण होतो, उपयोगिता प्रमाणपत्र जाते आणि अंमलबजावणी करणारी संस्था पुढच्या तालुक्यात निघून जाते.

त्यानंतर त्या बांधांचे काय होते? चरात गाळ बसतो. दगडी बांधाचे दगड कोणाच्या तरी कुंपणात जातात. बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर टाकल्या जात नाहीत आणि शेवटचा पाऊस वाहून जातो. गावाचा पाणलोट समितीचा सचिव मानधन थांबल्यावर अन्य कामाला लागलेला असतो. पहिल्या वर्षी विहिरीची पाणीपातळी किती होती आणि सहाव्या वर्षी किती झाली, हे सांगणारा कागद गावात सापडत नाही. मोजमापाच्या वह्या जिल्ह्याच्या कार्यालयात असतात आणि त्यांत दगडमातीचे घनमीटर असतात, पाण्याचे नसतात.

गावात कायम राहणारी सरकारी संस्था कोणती, असा विचार केला तर उत्तर एकच येते. शाळा. २०२४-२५ च्या अधिकृत आकडेवारीनुसार देशात १४.७१ लाख शाळा आहेत आणि शिक्षकांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. शाळेइतकी नियमित नोंद ठेवणारी दुसरी संस्था गावात क्वचितच असेल. तेथे रोज सकाळी हजेरीपत्रक भरले जाते. ज्या ठिकाणी मुलांची हजेरी रोज लागते, तेथे पावसाची आणि विहिरीची हजेरी का लागू नये?

वर चालत जाण्याचे मोल

चंदीगडचा सुखना तलाव १९५८ मध्ये बांधला गेला. पुढच्या दोन दशकांच्या आतच त्यात इतका गाळ साचला की तलाव राहतो की नाही अशी शंका निर्माण झाली. गाळ उपसत राहणे हा एक मार्ग होता. मृद व जल संधारण संशोधन संस्थेच्या चंदीगड केंद्रातील पी. आर. मिश्र आणि त्यांचे सहकारी मात्र गाळ येतो कोठून हे पाहण्यासाठी शिवालिकच्या टेकड्यांत वर चालत गेले. गाळाचा मोठा वाटा सुखोमाजरी या छोट्या गावाच्या वरच्या उघड्याबोडक्या उतारांवरून येत होता. त्या उतारांवर गावाची गुरे-बकरी चरत होती, कारण कोरडवाहू शेतीवर गावाचे पोट भरत नव्हते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण पाठ्यपुस्तकासारखे वाटावे. वरच्याच्या वागण्याची किंमत खालचा मोजतो आणि वरच्याला त्याची झळ लागत नाही. १९७६ पासून गावाजवळ मातीचे छोटे बंधारे बांधले गेले. त्यांतले पाणी प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनांनाही, वाटून देण्याची व्यवस्था झाली. पाण्यात वाटा मिळाल्यावर टेकडीवर चराई थांबवणे गावाच्याच हिताचे ठरले आणि कुंपणाशिवाय राखण झाली. चंदीगडच्या तलावाचे दुखणे टेकडीवरच्या गावाच्या चुलीशी जोडलेले आहे, हा शोध नकाशावर बोट ठेवून लागला नसता. शिक्षकाने आपल्या शाळेच्या पाणलोटात नेमके हेच करायचे आहे.

प्रोजेक्टरवरचा पाणलोट

आज हा विषय शिक्षकांपर्यंत कसा पोहोचतो? सर्व शिक्षा अभियानाच्या निकषांत प्रत्येक शिक्षकाला वर्षाला २० दिवसांचे सेवांतर्गत प्रशिक्षण धरलेले होते. १९८६ च्या शिक्षण धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, पुढे गट आणि केंद्र पातळीवर साधन केंद्रे आली. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ सुरू झाले आणि २०२० मध्ये, महासाथीच्या काळात, ते ‘दीक्षा’ या मंचावर गेले. एका चित्रफितीने लाखो शिक्षक ‘प्रशिक्षित’ होऊ लागले. भाषा किंवा मूल्यमापन यांसारख्या विषयांत याचा काही उपयोग होत असेल. पाणलोटाच्या बाबतीत मात्र ही पद्धत पोहण्याचा वर्ग पत्रव्यवहाराने चालवण्यासारखी आहे.

एका राज्यातील अशा प्रशिक्षणाला निरीक्षक म्हणून मी काही काळ बसलो होतो. ऑगस्ट महिना, बाहेर पावसाची रिपरिप. पडद्यावर परदेशातील एका नदीखोऱ्याचे सुबक चित्र. प्रशिक्षण केंद्राच्या मागच्या भिंतीला लागून एक ओढा गढूळ पाण्याने भरून वाहत होता, त्याचा आवाज सभागृहात येत होता. चहाच्या सुट्टीत मी काही शिक्षकांना त्या ओढ्याचे नाव विचारले. केंद्राचा शिपाई तेवढा सांगू शकला, आणि तो कोठून येतो, उन्हाळ्यात कधी आटतो, पूर्वी कधी आटत असे, हेही त्याने सांगितले. त्या दिवशीचा सर्वांत जाणता साधनव्यक्ती चहा देत होता.

पाच दिवसांत काय करावे

प्रत्यक्ष क्षेत्र-अभ्यास म्हणजे सहल असा समज होऊ नये, म्हणून पाच दिवसांचा कार्यक्रम कसा असावा ते थोडे तपशिलाने मांडतो. वीस-पंचवीस शिक्षक, शक्यतो एकाच केंद्रातले, आणि त्यांच्यापैकीच एका शाळेचे शिवार.

पहिला दिवस माथ्याचा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. त्यावर समोच्च रेषा वाचायच्या, शाळा शोधायची आणि शाळेजवळच्या ओढ्याला पाणी देणाऱ्या क्षेत्राची सीमा पेन्सिलीने आखायची. मग ती सीमा पायांनी चालायची. पाण्याची बाटली रिकामी करून पाणी डावीकडे जाते की उजवीकडे हे पाहत पुढे सरकले की जलविभाजक रेषा म्हणजे काय हे पुन्हा कधी पाठ करावे लागत नाही. या चालण्यात आणखी एक गोष्ट लक्षात येते. पाणलोटाची सीमा आणि गावाची सीमा एक नसते. आपल्या ओढ्याचा उगम शेजारच्या गावात आणि त्याचा शेवट तिसऱ्याच तालुक्यात असू शकतो.

दुसरा दिवस मातीचा. दोन्ही बाजूंनी कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत ठोकायचा, त्यात मोजून पाणी ओतायचे आणि ते किती वेळात जिरते हे घड्याळावर पाहायचे. झाडाखाली, नांगरलेल्या शेतात आणि गुरांच्या वाटेवर असे तीन ठिकाणी केले की येणारे तीन आकडे कोणत्याही भाषणापेक्षा बोलके असतात. मूठभर माती पाण्याच्या बरणीत ढवळून ठेवली की वाळू आधी बसते, मग पोयटा, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहते. ए अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट, तिला टांगलेला ओळंबा आणि थोडी दोरी एवढ्यावर समपातळी रेषा आखता येते. चर त्या रेषेवर का खणायचा आणि उतारावर आडवातिडवा खणला तर तो ओहळ कसा बनतो, हे हाताला कळते.

तिसरा दिवस विहिरींचा आणि ओढ्याचा. प्रत्येक विहिरीत फीत सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचे, कूपनलिका नकाशावर मांडायच्या. ओढ्याच्या दहा मीटर सरळ पट्ट्यात एक काठी तरंगत सोडून वेग काढायचा, रुंदी आणि खोली मोजायची. पृष्ठभागावरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने वाहते, म्हणून उत्तराला साधारण ०.८ ने गुणायचे. डोंगराळ भागात झऱ्याखाली बादली आणि हातात घड्याळ एवढे पुरे. संध्याकाळी गावातील वयस्कर स्त्री-पुरुषांकडून पाण्याचा इतिहास ऐकायचा, विशेषतः स्त्रियांकडून, कारण कोणती विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते हे पाणी भरणाऱ्याला ठाऊक असते.

चौथा दिवस हिशेबाचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ५०० हेक्टरांच्या पाणलोटात ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ३०० कोटी लिटर पाणी आले. गावाची लोकसंख्या १,५०० आणि जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी दररोज ५५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर लागते, म्हणजे पडलेल्या पावसाचा अवघा एक टक्का. मग मे महिन्यात टँकर का येतो? हा प्रश्न शिक्षकांनी स्वतः फळ्यावर मांडलेल्या गणितातून उभा राहिला पाहिजे. त्यानंतर पिकांचा हिशेब. उसाला जवळपास २,००० मिलिमीटर पाणी धरले तर हेक्टरी २ कोटी लिटर होतात. दीड हेक्टर ऊस म्हणजे साऱ्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी. आणखी काही सांगण्याची गरज पडत नाही.

पाचवा दिवस झालेल्या कामांचा आणि गावाचा. सरकारी खर्चाने बांधलेले बांध आज कोणत्या स्थितीत आहेत ते नकाशावर नोंदवायचे आणि चारही दिवसांची मोजमापे गावापुढे मांडायची. शिक्षक मांडतील, गावकरी दुरुस्त करतील. ही दुरुस्ती म्हणजेच प्रशिक्षणाची परीक्षा.

हे पूर्वी कोणी केले आहे का

हे सारे स्वप्नरंजन आहे असे कोणास वाटू शकेल. पण आपल्याच देशात शिक्षकांनी याहून अवघड गोष्टी केल्या आहेत. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्यास सुरुवात केली. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर गेला, १९८२ मध्ये ‘एकलव्य’ संस्था त्यासाठीच उभी राहिली. सामान्य सरकारी शाळांचे सामान्य शिक्षक उन्हाळ्यात दीर्घ प्रशिक्षणाला येत, तेथे मुलांनी करायचे प्रयोग आधी स्वतः करत, परिभ्रमणाला शेतांत आणि नदीकाठी जात. दर महिन्याच्या बैठकीत अडचणी मांडत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य शासनाने बंद केला. शिक्षकाला विश्वासाने वागवले तर तो शोधक होतो, हा होशंगाबादचा पहिला धडा. आणि एखादा चांगला उपक्रम खात्याच्या नियमित कामकाजात मुरला नाही तर एका आदेशाने संपतो, हा दुसरा.

दुसरे उदाहरण अल्मोड्याचे. माजी मंत्रिमंडळ सचिव भैरव दत्त पांडे निवृत्तीनंतर आपल्या डोंगरात परतले आणि उत्तराखंड सेवा निधीच्या कामात रमले. या संस्थेने १९८७ पासून डोंगरातील शाळांसाठी पर्यावरण शिक्षणाचा वेगळा अभ्यासक्रम घडवला. त्याचा विषय होता मुलाचे स्वतःचे गाव. गावाला वर्षाला सरपण किती लागते, चारा किती लागतो, झऱ्याला पाणी किती आणि हे सारे पुरवायला गावाच्या भोवती किती जमीन हवी, हे मुलांनी मोजायचे. राज्य झाल्यावर उत्तराखंडने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी हा अभ्यासक्रम स्वीकारला. आपल्यापैकी किती अधिकारी निवृत्तीनंतर आपल्या गावचा झरा मोजतील, असा विचार यानिमित्ताने मनात आल्यावाचून राहत नाही.

तिसरे उदाहरण शाळेबाहेरचे आहे. एकत्रित आंध्र प्रदेशातील सात दुष्काळी जिल्ह्यांत २००३ नंतरच्या दशकात शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस आणि कूपनलिकांची पातळी मोजली आणि रब्बीच्या पेरणीपूर्वी एकत्र बसून पिकांचा पाण्याचा ताळेबंद मांडला. त्यासाठी ‘शेतकरी जलशाळा’ चालवल्या गेल्या. फारसे शिक्षण न झालेले शेतकरी हे करू शकतात, तर पदवीधर शिक्षक का करू शकणार नाही? महाराष्ट्रातही २०१६ पासून पानी फाउंडेशनच्या स्पर्धेसाठी हजारो गावकऱ्यांनी चार दिवसांचे निवासी प्रशिक्षण घेतले, आणि ते खेळांतून व शिवारातून होते.

खडकाचे ऐकावे लागते

एक सावधगिरी मात्र हवी. सर्व देशासाठी एकच पुस्तिका छापण्याचा मोह आपल्या खात्यांना फार. पाणलोटात हा मोह घातक ठरतो. सिक्कीममध्ये २००८ नंतर ‘धारा विकास’ या नावाने झरे जिवंत करण्याचे काम सुरू झाले. तेथे हे स्पष्ट झाले की जमिनीचा उतार एकीकडे आणि खालच्या खडकाच्या थरांचा कल दुसरीकडे असू शकतो. तसे असेल तर झऱ्याला पाणी पुरवणारा पाऊस डोंगराच्या पलीकडच्या अंगावर पडत असतो, आणि अलीकडे खणलेले चर त्या झऱ्याला थेंबही देत नाहीत. खडक वाचण्याच्या या कामात पुण्याच्या ‘अक्वाडॅम’ संस्थेचे भूजलशास्त्रज्ञ सिक्कीमच्या मदतीला होते. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार हिमालयातील निम्म्याच्या आसपास झरे आटत चालले आहेत. तेथे चुकीच्या बाजूला खणलेल्या चराची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही.

देशभर ओढ्याची नावेसुद्धा वेगळी आहेत. कर्नाटकात तो हळ्ळ, तेलुगू मुलखात वागु, तमिळनाडूत ओडै, झारखंडात जोर, हिमाचलात खड्ड आणि होशियारपूरकडे चो. राजस्थानचा खडीन, दक्षिण बिहारचे आहर-पईन, नागालँडमधील किक्रुमाची झाबो पद्धत, कासरगोडचे सुरंगम आणि आपल्याकडच्या पांझरा खोऱ्यातील फड ही त्या त्या ठिकाणच्या उतार, माती आणि खडकाला लोकांनी दिलेली उत्तरे आहेत. प्रशिक्षणाची पद्धत देशाला समान असू शकते, मजकूर तालुक्याचाच हवा.

आक्षेपांविषयी

पहिला आक्षेप रास्त आहे. शिक्षकांवर कामांचा डोंगर आहे, त्यात ही भर कशाला? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अन्य शिक्षणेतर कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे. म्हणूनच पाण्याची मोजणी हे शिक्षणेतर काम होता कामा नये. ती भूगोल, गणित आणि विज्ञान शिकवण्याची पद्धत म्हणूनच आली पाहिजे. ज्या दिवशी तिचे मासिक विवरणपत्र होईल, जिल्ह्याचा क्रमांक लागेल आणि माहिती न भरणाऱ्यांना कारणे दाखवा नोटीस निघेल, त्या दिवसापासून विहिरीत फीत न सोडताच आकडे भरले जाऊ लागतील. प्रशासनात उमेदीची सारी वर्षे घालवलेल्या कोणालाही हे निराळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, पण तो अधिक गंभीर आहे. पाण्याचा ताळेबंद मांडला की गावाचे पाणी कोण वापरतो हेही दिसते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेल्या समजुतीनुसार ज्याची जमीन त्याचे भूजल. खोल कूपनलिकेचा मालक बहुधा पंचायतीतही वजनदार असतो आणि शिक्षकाच्या बदलीत त्याचा शब्द चालतो. शिक्षकाने हा धोका का पत्करावा? माझे उत्तर असे की शिक्षकाने कोणाकडे बोट दाखवू नये. त्याने पातळी मोजावी, बेरीज-वजाबाकी मुलांकडून करून घ्यावी आणि शाळेच्या भिंतीवर आकडे लिहावेत. सामायिक साधनांवर काम करणाऱ्या, २००९ मध्ये नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या संशोधनात अशी साधने टिकवणाऱ्या समाजांचे एक समान लक्षण आढळले: साधनावर लक्ष ठेवण्याचे काम वापरणारेच करतात. निर्णय ग्रामसभेचा. शिक्षकाने तो अज्ञानात होऊ देऊ नये, एवढेच.

काय करता येईल

(१) शिक्षकांच्या वार्षिक ५० तासांपैकी तीस तास, दर तीन वर्षांतून एकदा, स्वतःच्या शाळेच्या पाणलोटातील क्षेत्र-अभ्यासाला द्यावेत. ते पावसाळ्यात किंवा पावसाळा संपता संपता व्हावेत, मार्चअखेरचा खर्च म्हणून नव्हे.

(२) २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रकल्प खर्चाचे ५ टक्के संस्था उभारणी आणि क्षमता विकासासाठी ठेवलेले होते. पाणलोट प्रकल्पांतील या शीर्षाखालचा काही भाग प्रकल्पक्षेत्रातील शिक्षकांसाठी खुला करावा. दोन खात्यांचे एक संयुक्त परिपत्रक त्यास पुरेसे आहे.

(३) साधनव्यक्ती म्हणून मृद संधारणाचा कनिष्ठ अभियंता, भूजल विभागाचा एखादा जाणकार आणि गावातील दोन अनुभवी शेतकरी यांना बोलवावे आणि सर्वांना सारखेच मानधन द्यावे.

(४) नकाशे शाळेत पोहोचवावेत. एके काळी सीमा आणि किनारी भागांचे नकाशे मागणाऱ्या शिक्षकाला संशयाने पाहिले जाई. २००९ मध्ये इस्रोचे ‘भुवन’ आले आणि फेब्रुवारी २०२१ च्या नव्या धोरणाने नकाशांवरची बहुतेक बंधने उठली. आता अडचण आहे ती छापील प्रत शाळेच्या भिंतीवर लागण्याची.

(५) प्रत्येक शाळेत एक पर्जन्यमापक, एक निरीक्षण विहीर किंवा झरा, आणि एक वही. पाऊस रोज सकाळी, पाणीपातळी महिन्यातून एकदा. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. दर दहा शाळांमागे एका शाळेने ही वही प्रामाणिकपणे ठेवली तरी देशात जवळपास दीड लाख ठिकाणची नोंद तयार होईल. वही शाळेतच राहावी, मागेल त्याला पाहता यावी, आणि शिक्षक बदलून गेला तर कार्यभार देताना ती पुढच्याच्या हाती यावी.

या सर्वांत नवे काही नाही. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी शेतात मुरवण्याचा आग्रह धरला होता, आणि हे काम रिकाम्या बसलेल्या पोलीस-पलटणींकडून करून घ्यावे असे सरकारला सुचवले होते. १९३७ मध्ये वर्ध्याला मांडलेल्या नई तालीमचे सूत्रही हातातून शिकणे हेच होते.

हा मजकूर वाचणारे अनेकजण महाराष्ट्राबाहेर, दिल्ली, बंगळुरू, इंदूर, हैदराबाद अशा शहरांत राहतात. आपल्या नळाचे पाणी कोठून येते, याचे उत्तरही शोधण्यासारखे आहे. बंगळुरूत कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, शेकडो मीटर उंच उपसून येते. इंदुरात नर्मदा सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून येते. ज्या गावांच्या शिवारांतून ते आपल्यापर्यंत पोहोचते तेथील शाळांत एक फीत, एक डबा आणि एक वही पोहोचवणे कोणत्याही महाराष्ट्र मंडळाच्या आवाक्यातले काम आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून एका शाळेचा पर्जन्यमापक सहज निघेल. मात्र तो देऊन छायाचित्र काढून परतू नये. त्या शाळेच्या शिक्षकांबरोबर एक दिवस ओढ्याच्या उगमापर्यंत चालावे, आणि पुढच्या वर्षी जाऊन वहीत काय लिहिले आहे ते पाहावे.